जन्माआधीच आजारी पडणारी बाळे

काही वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधीच जीपमधून एक पहिलटकरीण आली. वय वीस-एकवीस, आठवा महिना नुकताच लागलेला, डोहाळजेवण आटोपून माहेरी आलेली. सोबत आई आणि आजी. अंगात १०२ ताप, नाडी मिनिटाला १२०, आणि पोटाला नुसता हात लावला तरी मुलगी कळवळत होती. प्रसूतितज्ज्ञ बाईंनी तपासले आणि बाळासाठी मला बोलावून घेतले. पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १८० पडत होते. ते १६० च्या आत असायला हवेत.

विचारपूस केली तेव्हा कळले, की शनिवारी संध्याकाळपासून अंगावरून पाणी जात होते. आईला वाटले, लघवीवर ताबा राहत नसेल, या दिवसांत होते असे. आजींचे मत वेगळे होते. ‘‘डॉक्टरसाहेब, आठव्यात बाईमाणसाला हलवू नये म्हणतात. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. म्हटलं, दोन दिवस पडून राहू दे, थांबेल पाणी.’’ रविवारी रात्री थंडी वाजून ताप आला. गावातल्या औषधाच्या दुकानातून तापाची गोळी आणली. सकाळी ताप उतरेना, तेव्हा जीप केली.

दुपारी मुलगा झाला. वजन १४५० ग्रॅम. पाण्याला वास येत होता. मूल रडले, पण क्षीण. श्वास जोरजोरात, अंग थंडगार. पेटीत ठेवले, प्राणवायू लावला, रक्त तपासायला पाठवले, औषधे सुरू केली. तिसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला : रक्तात जंतू वाढले नाहीत. बाळाच्या वडिलांनी मला विचारले, ‘‘साहेब, रक्तात जंतू नाहीत म्हणता, मग पोरगं एवढं आजारी कशानं?’’

प्रश्न रास्त होता. आजचा हा लेख म्हणजे त्याचेच उत्तर आहे. त्या दिवशी घाईगर्दीत मला ते नीट देता आले नव्हते.

आईच्या पोटात बाळ एका पातळ, दुपदरी पडद्याच्या पिशवीत असते. आपल्याकडे तिला पाणमोट म्हणतात. पिशवीत गर्भजल, त्यात तरंगणारे बाळ, बाळाच्या बेंबीतून निघालेली नाळ आणि नाळेचे दुसरे टोक गर्भाशयाला चिकटलेल्या वारेत. गर्भाशयाचे तोंड चिकट स्रावाच्या बुचाने बंद असते. एवढा बंदोबस्त असूनही कधीकधी योनिमार्गातले जंतू तोंडातून वर चढतात आणि पडद्यापर्यंत पोचतात. पाणमोट फुटली असेल तर त्यांना वाटच मोकळी. पण पाणमोट शाबूत असतानाही जंतू आत शिरतात, हे अनेकदा सिद्ध झाले आहे.

जंतू आले की शरीर स्वस्थ बसत नाही. पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तवाहिन्या सैल होतात, निरनिराळी रसायने सुटतात. यालाच आपण दाह म्हणतो. पायात काटा मोडला की भोवतीची जागा लाल होते, सुजते, ठणकते, तोच हा प्रकार. दाह हा मुळात शत्रू नव्हे, तो बंदोबस्ताला आलेला पोलीस आहे. पण अरुंद गल्लीत लाठीमार सुरू झाला की चोराबरोबर घरातून डोकावणाऱ्यालाही फटका बसतो. गर्भाशयातली गल्ली फारच अरुंद आहे आणि तिथे डोकावणारे बाळ फारच कोवळे.

या दाहातून सुटणारी काही रसायने गर्भाशयाचे तोंड मऊ करतात, काही पडदा कमकुवत करतात, आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कळा सुरू करतात. म्हणजे दिवस भरण्याआधी पाणी जाणे आणि कळा येणे हा पुष्कळदा आत पेटलेल्या दाहाचा पहिला धूर असतो. ३७ आठवड्यांच्या आत झालेल्या बाळंतपणाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. अशा किमान चार बाळंतपणांपैकी एकाच्या मागे गर्भाशयातला जंतुसंसर्ग असतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. बाळ जितके जास्त अपुऱ्या दिवसांचे, तितकी ही शक्यता मोठी. जगात सर्वांत जास्त अपुऱ्या दिवसांची बाळे भारतात जन्मतात. २०२० साली हा आकडा ३० लाखांच्या वर होता.

इथवर बोललो ते आईच्या बाजूचे. बाळाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. बाळ गर्भजल गिळत असते आणि छातीच्या हालचालींबरोबर ते फुप्फुसातही ओढत असते. त्या पाण्यात जंतू, मेलेल्या पेशी आणि दाहाची रसायने मिसळली असली, की ती बाळाच्या आतड्यात आणि फुप्फुसात जातात, कातडीला आणि डोळ्यांना लागतात. मग बाळाचे शरीरही आपल्या परीने लढू लागते. न जन्मलेल्या बाळाच्या रक्तातही दाहाची रसायने वाढलेली असतात. ही गोष्ट अमेरिकेतले डॉ. रोबेर्तो रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नाळेतले रक्त तपासून मांडली, आणि या अवस्थेला गर्भाच्या दाहाचा विकार म्हणून स्वतंत्र नाव दिले. ज्या बाळांच्या रक्तात ही रसायने जास्त, ती बाळे लवकर जन्मत होती आणि जन्मल्यावर अधिक आजारी पडत होती. हे व्हायला बाळाच्या रक्तात जिवंत जंतू असलेच पाहिजेत असे नाही. कधी जंतू पडद्यापाशीच अडतात आणि त्यांच्यामुळे उठलेला वणवा मात्र बाळापर्यंत पोचतो. कधी तर जंतू मुळीच सापडत नाहीत, तरी दाह असतो.

त्या वडिलांच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर वारेत होते.

आपल्याकडे बाळंतपणानंतर वार पुरण्याची रीत आहे. दवाखान्यातही नातेवाईक ती मागून घेतात. रीतीला माझा आक्षेप नाही. पण मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, आईला ताप असेल किंवा पाण्याला वास असेल, तर वारेचा आणि नाळेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावा. शक्य असेल तिथे तसे डॉक्टरांना जरूर विचारावे. बाळाने आत काय सोसले त्याचा पंचनामा वारेत लिहिलेला असतो. पडद्यात पांढऱ्या पेशी जमल्या असतील तर आईच्या शरीराने झुंज दिली. नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत त्या दिसल्या, तर झुंज बाळानेही दिली, कारण तिथल्या पेशी बाळाच्याच असतात. आमच्या त्या मुलाच्या अहवालात दोन्ही होते.

आता या दाहाचे परिणाम पाहू. फुप्फुसाची हकीकत चमत्कारिक आहे. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर प्रयोग झाले. जंतूंच्या कवचातले विष गर्भजलात टोचले, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा लवकर पिकलेली आढळली! माणसाच्या बाळांतही दाह होऊन गेला असेल तर जन्मल्याबरोबरचा श्वासाचा त्रास कधीकधी कमी दिसतो. पण हा सौदा महागात पडतो. अशा फुप्फुसात हवेच्या कोशांची पुढची वाढ खुंटते, आणि काही बाळांना आठवडेच्या आठवडे प्राणवायू लागतो. पहिल्या दिवशी बरे दिसणारे बाळ दहाव्या दिवशी का दमते, याचे कोडे पुष्कळ दिवस आम्हाला पडत असे.

आतड्याच्या अस्तराला इजा होऊन पोट फुगणे, दूध न पचणे, आणि क्वचित आतडे सडणे हाही धोका अशा बाळांत असतो. पण सर्वांत काळजीची जागा मेंदूची. २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने काही पेशी वाढत असतात. मज्जातंतूंवर चरबीचे वेष्टण चढवण्याचे काम पुढे त्यांनाच करायचे असते. विजेच्या तारेवर रबर असते ना, तसेच हे वेष्टण. या कोवळ्या पेशींना दाहाची रसायने सोसत नाहीत. त्या मेल्या की तिथून खाली पायांकडे जाणाऱ्या तारा उघड्या पडतात. मूल हसते, ओळखते, पण पाय ताठ राहतात. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. गर्भपडद्यांचा दाह आणि सेरेब्रल पाल्सी यांचे नाते अनेक अभ्यासांत दिसले असून, पूर्ण दिवसांच्या बाळांतही ते आढळले आहे. मात्र इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, नाहीतर वाचून एखादी आई रात्रभर झोपायची नाही. दाह झालेली बहुतेक बाळे नीट वाढतात. धोका वाढतो याचा अर्थ तो प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असा नाही.

तर मग जंतूंवर औषध द्यावे आणि मोकळे व्हावे, असे कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसेच वाटले होते. त्यासाठी ब्रिटनमधून ‘ओरॅकल’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवस भरण्याआधी पाणमोट फुटलेल्या स्त्रियांना एरिथ्रोमायसिन दिल्यावर बाळंतपण थोडे लांबले आणि बाळांना काही प्रमाणात फायदा झाला. याच चाचणीत दुसऱ्या एका प्रतिजैविकाने बाळांचे आतडे सडण्याचे प्रमाण वाढले, म्हणून ते वर्ज्य ठरले. आणि ज्यांना नुसत्या कळा येत होत्या, पाणमोट शाबूत होती, त्यांना कोणत्याच प्रतिजैविकाने फायदा झाला नाही. उलट त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा औषध दिलेल्या गटात सेरेब्रल पाल्सी किंचित जास्त आढळली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी कानाला खडा लावला.

आपल्या घराजवळचाही एक दाखला आहे. कळा सुरू असताना आईला ॲझिथ्रोमायसिनचा एकच दोन ग्रॅमचा डोस तोंडाने दिला तर काय होते, हे सात देशांतल्या २९ हजारांहून अधिक स्त्रियांवर पाहिले गेले. त्यात आपले नागपूर आणि शेजारचे बेळगावही होते. २०२३ मध्ये निकाल आला. आईला बाळंतपणात होणारा गंभीर जंतुसंसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. आयांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. बाळांच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. कळा सुरू होईपर्यंत बाळाचे जे व्हायचे ते बरेचसे होऊन गेलेले असते, असा मी तरी याचा अर्थ लावतो.

हिरड्यांचीही अशीच कथा. गरोदरपणी हिरड्या सुजणाऱ्या बायकांची बाळंतपणे लवकर होतात, असे १९९६ मध्ये अमेरिकेत दिसून आले. मग गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करून पाहिले. हिरड्या सुधारल्या, आईला अपाय काही झाला नाही, पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे तेवढीच राहिली. दात स्वच्छ ठेवावेतच, आणि मिश्री तर सोडावीच, कारण त्यातली तंबाखू बाळाला थेट घातक आहे. पण दात साफ करून घेतले म्हणजे बाळंतपण वेळेवर होईल, असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही.

सांगायचे एवढेच, की गर्भातल्या दाहावर औषधाच्या दुकानात तयार गोळी नाही. जे हाती आहे ते आधीचे आहे आणि वेळेचे आहे.

आधीचे म्हणजे काय? लघवीपासून सुरुवात करू. गरोदरपणात लघवीच्या नळ्या सैलावतात, लघवी तुंबते, जंतूंना आयतेच फावते. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’, ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा देतात. द्यावे, पाणी पोटात जाते हे चांगलेच. पण जंतू त्याने जात नाहीत. त्यातही गंमत अशी, की काही स्त्रियांच्या लघवीत भरपूर जंतू असतात आणि जळजळ अजिबात नसते. बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी ही गोष्ट १९५० च्या दशकात लक्षात आणून दिली. उपचार न केल्यास अशा गरोदर स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला पुढे मूत्रपिंडाला सूज येते, थंडी वाजून ताप येतो, आणि त्या तापात कळाही सुरू होऊ शकतात. हा असा जंतुदोष आहे की जो वेळेवर शोधून गरोदरपणात चालणाऱ्या साध्या औषधाने बरा करता येतो. म्हणून नाव नोंदवल्यावर पहिल्याच भेटीत लघवी तपासून घ्यावी, शक्य असेल तिथे जंतूंची वाढ करून पाहण्याची तपासणीही करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासूनची ही योजना आहे. ती तारीख शेतातल्या कामासाठी चुकवू नये.

दुसरी गोष्ट अंगावर पांढरे जाण्याची. ही गोष्ट बायका बोलत नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली असली तरी लाज तीच आहे. गरोदरपणी थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव जातोच, त्याची चिंता नको. त्याला घाण वास येत असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, खाज असेल किंवा खाली जखम असेल, तर नर्सताईंना सांगावे. गुप्तरोगाची, विशेषतः गरमीची रक्ततपासणी नोंदणीच्या वेळीच करून घ्यावी. गरमीवर पेनिसिलिन अजूनही नेमके चालते. हिवतापाच्या भागातल्या बाईने ताप अंगावर काढू नये. हिवतापाचे काही जंतू वारेतच ठाण मांडतात, वारेला सूज आणतात आणि बाळाचे वजन घटवतात.

आता वेळेचे. अंगावरून जाणारे पाणी लघवी आहे की गर्भजल, हे घरी ओळखायची एक साधी रीत आहे. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाची घडी लावावी, थोडे हिंडावे-फिरावे, आणि तासाभराने घडी पाहावी. लघवीचा वास कुणालाही कळतो. गर्भजलाला तो नसतो, आणि लघवी आवळून धरता येते तसे हे पाणी धरता येत नाही. घडी पुन्हा ओली झाली तर शंका पुरे, निघावे. घडी फेकू नये, सोबत आणावी. पाणी हिरवट किंवा लालसर असेल, वास येत असेल, ताप असेल, पोट दुखत असेल किंवा बाळ कमी हलत असेल, तर तासभर वाट पाहण्याचेही कारण नाही. वाटेत कुणाकडून आतून तपासून घेऊ नये. पाणमोट फुटल्यावर बोटांनी केलेली प्रत्येक जादा तपासणी जंतूंना आत ढकलण्याची संधी देते. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ हा क्रमांक फिरवावा.

दवाखान्यात लवकर पोचल्याने नेमके काय साधते? पुष्कळ साधते. बाळंतपण लगेच करायचे की थांबायचे, हे ठरवायला डॉक्टरांना अवधी मिळतो. ताप नसेल, बाळ ठीक असेल, तर एरिथ्रोमायसिन देऊन काही दिवस थांबता येते. आईला स्टेरॉईडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे पिकवता येतात. न्यूझीलंडमध्ये डॉ. लिगिन्स यांना हा शोध योगायोगाने लागला. वेळेआधी जन्मलेले एक कोकरू त्यांच्या हिशेबाने मेलेलेच असायला हवे होते, ते श्वास घेताना दिसले. १९७२ साली त्यांनी आणि डॉ. हॉवी यांनी माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडे डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने देतात. म्हणजे पूर्ण उपचाराला दीड दिवस लागतो. जी बाई शनिवारी संध्याकाळी येते तिला सोमवारी सकाळपर्यंत चारही मिळालेली असतात. जी सोमवारी सकाळीच येते, तीही तापाने फणफणलेली, तिला ती देण्याची वेळ टळलेली असते, कारण गर्भपडद्यांचा दाह उघड झाल्यावर स्टेरॉईड देणे योग्य मानत नाहीत. बाळंतपण फारच लवकर होणार असेल तर मेंदूच्या रक्षणासाठी आईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्यालाही आई दवाखान्यात असावी लागते.

आणि आजींचे म्हणणे? सातव्यातले जगते आणि आठव्यातले नाही, या समजुतीला कसलाही आधार नाही. पोटात निरोगी राहिलेल्या प्रत्येक जादा आठवड्याने बाळाचे बळ वाढतेच. ही समजूत कुठून आली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा सातव्यात झालेली आणि जगलेली काही मुले गावाला नावानिशी आठवत राहिली, गेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. आजींना मात्र मी रागावलो नाही. त्या वाईट चिंतीत नव्हत्या.

बाळ जन्मल्यावर घरच्यांनी एक गोष्ट न विसरता करावी. बाळ तपासणाऱ्या डॉक्टरला जन्माआधीची हकीकत सांगावी. पाणी किती तास गेले, आईला ताप होता का, पाण्याला वास होता का, लघवीचा दोष झाला होता का. अनेकदा बाळंतपण एकीकडे आणि बाळ दुसरीकडे, अशी धावपळ होते आणि ही माहिती मधल्या मधे गळते. पाणमोट फुटून १८ तासांच्या वर गेले असतील, तर बाळ वरकरणी कितीही छान दिसो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, पोट फुगले, झटके आले, यांपैकी एक जरी दिसले तरी बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात न्यावे. नेताना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरावे, वरून पांघरूण घ्यावे. वाटेत बाळ थंड पडणे हाच अर्धा घात असतो. बहुतेक धोका पहिल्या तीन दिवसांत असतो.

नवजात बाळाचा जंतुदोष खेड्यातही वेळेवर ओळखता येतो, हे जगाला गडचिरोलीनेच दाखवले. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायकांना ही लक्षणे शिकवली, आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोलचे औषध द्यायलाही शिकवले. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, त्या पद्धतीची मुळे या कामात आहेत. आशाताई आल्या की बाळाला दुपट्यात गुंडाळून ‘झोपलंय’ म्हणू नये, उघडून दाखवावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सेहेचाळीस दिवस तो आमच्याकडे होता. जगला. दीड वर्षाचा झाला तरी आधाराशिवाय बसेना, पायांची कात्री पडू लागली. आता तो शाळेत जातो, कुबड्या घेऊन. गणितात हुशार आहे. त्याच्या पायांना दर आठवड्याला व्यायाम लागतो, आणि त्याची आई त्याला एसटीने घेऊन येते.

चार वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. यावेळी तिसऱ्याच महिन्यात ती आपणहून आली. आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांचे, म्हणून बाईंनी सोनोग्राफीवर गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजत ठेवली. लघवीत एकदा जंतू निघाले, जळजळ काहीच नव्हती. औषध दिले, पुन्हा तपासले. चौतिसाव्या आठवड्यात रात्री अकरा वाजता पाणी गेले. नवरा रात्रपाळीला होता. तिने शेजाऱ्यांची गाडी मागितली आणि बाराच्या आत ती दवाखान्यात होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओली घडी. माहेरी यावेळी ती गेलीच नव्हती, पण आजी मात्र सासरी तिच्याकडे येऊन राहिल्या होत्या. गाडीत त्याही होत्या.

मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. ताप नाही, पाण्याला वास नाही, वारेच्या अहवालात दाह नाही. नऊ दिवसांनी घरी गेली. जाताना आजींनी मला विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, ही साडेआठव्यातली, हिचं काय?’’

मी म्हटले, ‘‘आजी, हिला सहा महिने आईचंच दूध. आणि लशीची तारीख चुकवू नका.’’